एल्फ पात्राला अर्थ असलेलं नाव कसं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: रोल-प्लेइंग गेमसाठी एल्फ पात्र तयार केलं आहे, नावात वारा किंवा चांदणं असं काहीतरी हवं आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्किन यानं एल्फांसाठी रचलेल्या क्वेन्या किंवा सिंदारिन भाषेच्या शब्दकोशातले दोन शब्द एकमेकांना जोडले तर चालेल का? की नेम जनरेटरच बरा?

जोडले तर चालेल, पण नाव बिघडतं ते जोडावरच. शब्द कोशात सहज मिळतात. ते एकमेकांना लागताना त्यांचे स्वर आणि व्यंजनं बदलतात, ते बहुतेक जण बघतच नाहीत. जनरेटरचं दुखणं वेगळं आहे. बहुतेक जनरेटर ठरावीक तुकड्यांच्या यादीतून एक पुढचा आणि एक मागचा तुकडा उचलतात, अर्थाशी त्यांना देणंघेणं नसतं. खेळात एकदाच भेटणाऱ्या पहारेकऱ्याला असं नाव दिलं तर काही बिघडत नाही. वर्षभर खेळायच्या पात्राला ते देऊ नये.

पहिला निर्णय भाषेचा, आणि तो एकदाच घ्यायचा. टोल्किननं 1915च्या सुमारास जिची बांधणी सुरू केली ती क्वेन्या फिनिश भाषेच्या नादावर आहे, तर सिंदारिनचा नाद वेल्शचा आहे. दोघी एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असल्या तरी कानाला अगदी वेगळ्या लागतात. क्वेन्यात शब्दाच्या सुरुवातीला ब, द, ग येत नाहीत, आणि ग्ल-, ब्र-, द्र- असे जोडही येत नाहीत. शब्द एक तर स्वरानं संपतो, नाहीतर न, र, ल, स, त यांपैकी एखाद्या व्यंजनानं. ब, द, ग येतात ते आत, तेही बहुधा म्ब, न्द, ल्द, र्द अशा जोडांतून. सिंदारिनला हे बंधन नाही. ग्लोर्फिन्देल, ब्रेथिल, गोन्दोर ही सगळी सिंदारिनच्या घरची नावं आहेत. त्यामुळे ‘ड्रिलास्से’ किंवा ‘ग्लोरिएन्दिल’ असं नाव दिसलं की पुढचा तुकडा एका भाषेतला आणि मागचा दुसरीतला आहे हे लगेच कळतं. अशी सरमिसळ मूळ साहित्यातही एका प्रसिद्ध नावात आहे. फेआनोर हे रूप क्वेन्या फेआनारो आणि सिंदारिन फाएनोर यांच्या मिश्रणातून आलेलं आहे. पण तिथे त्या मिश्रणाला इतिहास आहे. आपल्या पात्राला तसा इतिहास द्यायचा नसेल तर एकाच भाषेत राहावं.

भाषा ठरली की पात्राबद्दल एकच गोष्ट निवडा. ‘चंद्रप्रकाशात वाऱ्यासारखी धावणारी चांदीची धनुर्धर’ नावात मावत नाही. एल्फ नावं बहुधा दोन घटकांची असतात: एक विशेषण किंवा वस्तू, आणि तिला लागणारं नाम किंवा प्रत्यय. तिसरा घटक आला की नाव पाच-सहा अक्षरांचं होतं आणि दुसऱ्याच सत्रात टेबलावरचे लोक त्याचं काहीतरी तोकडं करून टाकतात.

आता वाऱ्याचंच उदाहरण घेऊ. क्वेन्यात वारा म्हणजे सूरे. प्रेमी, मित्र, भक्त या अर्थाचा प्रत्यय -न्दिल. कोशातून उचलून सरळ चिकटवलं तर ‘सूरेन्दिल’ होतं, आणि हे चूक आहे. सूरेमधला शेवटचा ए मुळात इ होता. शब्दाच्या टोकाला तो ए झाला, पण पुढे काही लागलं की इ परत येतो. म्हणूनच ‘वाऱ्यात’ या अर्थाचं रूप सूरिनेन असं आहे आणि नूमेनोरच्या, म्हणजे टोल्किनच्या कथांतल्या माणसांच्या बेटावरच्या, एका राजाचं नाव सूरिओन आहे. तेव्हा बरोबर रूप सूरिन्दिल. हीच गोष्ट लाल या अर्थाच्या कार्ने शब्दाची: जोडात तो कार्नि- होतो, जसं कार्निमीरिए, म्हणजे लाल रत्नांनी सजलेली. काळोख म्हणजे मोरे, जोडात मोरि-. मात्र ए-कारान्त प्रत्येक शब्दाला ही युक्ती लावू नका. पान म्हणजे लास्से, रत्न म्हणजे मीरे, यांचा ए खरा आहे, तो तसाच राहतो: लास्सेन्दिल, मीरेन्दिल. चांगल्या कोशात शब्दासमोर कंसात मूळ अंग दिलेलं असतं. नाव जोडताना वापरायचं ते हेच अंग.

-न्दिल या प्रत्ययाच्याही दोन तऱ्हा आहेत. आधीचा शब्द स्वरानं संपत असेल तर न राहतो: वाला म्हणजे देवतुल्य शक्ती, म्हणून वालान्दिल. व्यंजनानं संपत असेल तर न गळतो: आनार म्हणजे सूर्य, म्हणून आनार्दिल, मेनेल म्हणजे आकाश, म्हणून मेनेल्दिल. सेवक या अर्थाच्या -न्दुरचंही तसंच, इसिल म्हणजे चंद्र आणि त्यावरून इसिल्दुर. इथे ‘इसिल्दिल’ही नियमात बसलं असतं, पण म्हणून बघा. सिल-दिल असं यमक जुळतं आणि नाव बालगीतातलं वाटायला लागतं. नियमांत दोन पर्याय बसत असतील तेव्हा निवड कानानं करावी.

एक बारकावा जाणकार लगेच पकडतात. -न्दिल आणि -न्दुर ही टोकं मध्य-पृथ्वीच्या (टोल्किनच्या जगातल्या) कथांत प्रामुख्यानं नूमेनोरच्या माणसांच्या नावांत दिसतात. एल्फांच्या जुन्या नावांत -वे जास्त आहे: फिन्वे, इन्ग्वे, ओल्वे. मुलगा किंवा वंशज या अर्थाचा -इओन आणि मुलगी या अर्थाचा -इएल दोन्ही भाषांत चालतात. कुमारीसाठी -वेन आहे. काम करणारा या अर्थी -मो आहे, जसं उल्मो, ओतणारा. तुमचा खेळ मध्य-पृथ्वीवरच चालला असेल तर एल्फ पात्राला सूरिन्दिलपेक्षा सूरिएल किंवा -वे टोकाचं नाव शोभेल. जग गेम मास्टरचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, स्वतःचं असेल तर हा भेद कुणी विचारणार नाही, तेव्हा खुशाल -न्दिल वापरा.

सिंदारिनमध्ये खरा घोळ व्यंजनांचा. समासातल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं: प चा ब, त चा द, क चा ग, ब आणि म चा व, आणि ग तर गायबच होतो. प्रकाश म्हणजे कालाद, तारा म्हणजे गिल, आणि जोडून गिल-गालाद. कुमारी म्हणजे ग्वेन, तिचा ग गेला की आर्वेन, मोर्वेन. याच चालीवर करडा या अर्थाच्या मिथपासून मिथ्वेन असं नवं नाव होतं: दोन अक्षरं, पहिल्यावर आघात, हाक मारायला सोपं. ‘मिथ्ग्वेन’ असं केलंत तर जीभच सांगते की इथे काहीतरी अडकलं.

र आणि ल सहसा बदलत नाहीत. स्वार म्हणजे रोखोन (यातला ख घशातून घासून येणारा), म्हणून मिथ्रोखोन, करडा स्वार. न नंतर गोष्टी पुन्हा वेगळ्या होतात. केलेब्रिन म्हणजे चांदीचा आणि पाउर म्हणजे मूठ. दोन्ही मिळून केलेब्रिम्बोर झालं, म्हणजे न+प चा म्ब झाला. थोरोन म्हणजे गरुड आणि गिल म्हणजे तारा, त्यावरून थोरोन्गिल. इथे ग शाबूत आहे आणि क्रमही उलटा आहे, ‘ताऱ्याचा गरुड’. एक हात असलेला या अर्थाच्या एर्खामिओन नावात ‘काम’मधल्या क चा घासणारा ख झाला आहे, कारण आधी र आहे. म्हणजे मऊ पडण्याचा तक्ता पाठ असला तरी पुरत नाही. माझी पद्धत अशी: जो जोड करायचा आहे त्याच दोन व्यंजनांचं मूळ साहित्यातलं एखादं नाव आधी शोधायचं आणि त्याच्या साच्यात आपलं ओतायचं. साचा सापडला नाही तर ते दोन शब्द सोडून द्यायचे. करड्याऐवजी पांढरा घेतला म्हणून पात्राचं काही नुकसान होत नाही.

नवखे लोक हमखास गालाद आणि गालाध यांच्यात फसतात. गालाद म्हणजे तेज, गालाध म्हणजे झाड. रोमन लिपीत शेवटी डी आहे की डी-एच, एवढाच फरक. वनवासी पात्रासाठी म्हणून गालाद घेतलं तर झाडाऐवजी उजेड मिळतो. गालाद्रिएलच्या नावाबाबत तर कथेतल्या लोकांचीच अशी समजूत होते आणि ते तिला झाडांशी जोडतात. तिच्या नावातला पहिला भाग तेजाचा आहे. हा डी-एच म्हणजे मराठी ध नव्हे. जीभ दातांमध्ये ठेवून घोषासह हवा सोडायची, म्हणजे हा ध्वनी येतो. टी-एचही तसाच, पण घोषाशिवाय.

उच्चारात मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. या भाषांतले त आणि द दंत्य आहेत, त्यामुळे एल्रोन्द लिहा, ‘एलरॉण्ड’ नको. र सगळीकडे स्पष्ट थरथरता. सी हे रोमन अक्षर नेहमी क, म्हणून केलेबोर्न, सेलेबोर्न नव्हे. रोमन ‘ई’वरचे दोन टिंब फक्त एवढंच सांगतात की हा स्वर वेगळा उच्चारायचा, गिळायचा नाही. सजावट म्हणून ते इतरत्र टाकू नयेत. आघाताचा नियम दोन्ही भाषांत सारखा. शेवटून दुसरं अक्षर जड असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर किंवा संयुक्त स्वर असेल किंवा स्वरानंतर दोन व्यंजनं असतील, तर आघात तिथे. नसेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. म्हणून सू-रिन्-दिलमध्ये आघात रिन् वर आणि सू-रि-एलमध्ये सू वर. टी-एच, डी-एच, सी-एच ही रोमन लिपीत दोन अक्षरं असली तरी व्यंजन एकच, त्यामुळे मिथ्रोखोनमध्ये आघात मिथ् वर येतो. सिंदारिनमधला वाय हा ओठ गोल करून म्हटलेला ई आहे. मराठीत तो नाही, तेव्हा मराठीत खेळत असाल तर वाय असलेलं नाव टाळा. टेबलावर त्याचे चार उच्चार होतील.

नाव मोठ्यानं म्हणून मराठी कानाला कसं लागतं तेही बघा. क्वेन्यात लांब या अर्थाचा शब्द आन्दा आहे. आन्दानं सुरू होणाऱ्या गंभीर योद्ध्याला पहिल्याच दिवशी नाश्त्यावरून टोमणे बसतील. चंद्राचं एक नाव राना आहे, ते ऐकणारे राणाच ऐकतात. तारा म्हणजे उंच, उदात्त. मराठी खेळाडूला वेगळंच काही सांगितलं जातं. हे फायद्याचंही असू शकतं, फक्त ठरवून करा.

शब्द कुठून घ्यायचे? सुरुवातीला ‘द सिल्मारिलियन’ (1977) या पुस्तकाच्या शेवटी दिलेली नामघटकांची यादी पुरे होते. ती लहान आहे आणि प्रत्येक घटकासमोर तो असलेली खरी नावं आहेत, म्हणजे साचे आपोआप मिळतात. मोठ्या कोशांत मात्र टोल्किनच्या वेगवेगळ्या काळातले शब्द एकत्र असतात. 1930च्या दशकातली व्युत्पत्तींची मोठी यादी 1987 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली नोल्दोरिन भाषा पुढे बदलून सिंदारिन झाली, त्यामुळे तिथले शब्द जसेच्या तसे घेतले तर जुनं रूप नव्या नावात येतं. त्यात आणखी चाहत्यांनी बनवलेले शब्द असतात, कोश त्यांना खूण करतात. नावासाठी चाहत्यांचा शब्द वापरायला हरकत नाही, पण आपण काय वापरतोय हे माहीत असावं. आणि कोशात उलट शोध घ्या: नाव तयार झालं की त्याचे तुकडे पाडून त्या भाषेत शोधायचे, नकोसा अर्थ निघतोय का बघायचं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना टोल्किनकडे जायची गरजच नाही. पाचव्या आवृत्तीत एल्फला लहानपणीचं नाव, साधारण शंभरीला स्वतः निवडलेलं मोठेपणीचं नाव आणि कुळाचं नाव असतं. कुळांच्या नावांना अर्थ दिलेले आहेत आणि ते नीट वाचले तर एक छोटी भाषा हाती लागते. आमाकीर म्हणजे रत्नफूल आणि आमास्तासिआ म्हणजे ताराफूल, तेव्हा आमा हे फूल असणार. इल्फेल्कीरचा अर्थ रत्नमोहोर आहे, म्हणजे कीर हे रत्न. गालानोदेल ही चंद्रकुजबुज आणि सियान्नोदेल हा चंद्रओढा, म्हणून नोदेल हा चंद्र आणि सियान हा ओढा. बघा, मुख्य शब्द आधी आणि विशेषण मागे, मराठीच्या उलट. पुस्तकानं ही फोड दिलेली नाही, ती नावांवरून काढलेली आहे, पण एवढ्यावर आमानोदेल (चंद्रफूल) किंवा सियान्कीर (रत्नओढा) अशी नवी कुळं निर्धास्त बनवता येतात आणि ती अधिकृत नावांशेजारी उपरी वाटत नाहीत.

स्वतःची भाषा बनवायची असेल तर व्याकरणात शिरू नका. नावांपुरती भाषा म्हणजे पंधरा-सोळा ध्वनी, पंचवीस-तीस धातू, सहा-सात प्रत्यय आणि दोन-तीन ध्वनिनियम. ध्वनी निवडताना काय घ्यायचं यापेक्षा काय वगळायचं हे जास्त कामाचं. ज, झ, ट, ड वगळले की नावं आपसूक एका घराण्यातली वाटतात. धातू म्हणून समजा ओरु म्हणजे वाट, तिम म्हणजे राख, शेल म्हणजे पाऊस, आणि -आस म्हणजे राखणारा. नियम असा की दोन स्वरांमधला त मऊ होऊन द होतो. तर वाटेवरची राख राखणारा, म्हणजे सोडून दिलेल्या तळांचा रक्षक, तो ओरुदिमास. ‘शेल्तिमास’मध्ये मात्र त टिकतो, कारण आधी ल आहे.

आता त्याच जगातल्या डोंगरी एल्फांनी हा नियम पाळला नाही असं ठरवा. त्यांच्याकडे तोच माणूस ओरुतिमास. एका अक्षराच्या फरकानं दोन समाज उभे राहिले, आणि पात्र आपलं नाव कसं सांगतं यावरून ते कुठलं हे कळायला लागलं. क्वेन्या-सिंदारिनची खोली अशीच तयार झाली आहे: मुळातला क्व एका भाषेत टिकला आणि दुसरीत प झाला (ल नंतर पुढे त्याचाही फ झाला). राजहंस क्वेन्यात आल्क्वा, सिंदारिनमध्ये आल्फ. केलेब्रिम्बोरचं क्वेन्या रूप तेल्पेरिन्क्वार, त्यातला शेवटचा क्वार म्हणजे तीच मूठ. धातूंची यादी कागदावर ठेवा आणि नवीन नाव करताना आधी तिच्यात शोधा. दर नावाला नवा धातू काढत गेलात तर भाषा उरत नाही, नुसती नावं उरतात.

नावात मध्येच स्वल्पविरामासारखी खूण टाकायची फार हौस असते. ती खूण काहीतरी दाखवत असली पाहिजे: गळलेला स्वर, किंवा घशातला छोटा अटकाव. वाचताना तिथे थांबायचं की नाही हे सांगता येत नसेल तर खूण काढून टाका.

नाव एकच असायला हवं असंही नाही. क्वेन्या परंपरेत वडिलांनी दिलेलं नाव, आईनं दिलेलं नाव आणि पुढे पडलेलं टोपणनाव असे थर आहेत. फेआनोरचं वडिलांनी दिलेलं नाव कुरुफिन्वे, आणि फेआनारो, म्हणजे अग्नीचा आत्मा, हे आईनं दिलेलं. गालाद्रिएलचं पितृनाव आर्तानिस, मातृनाव नेर्वेन. खेळात याचा उपयोग चांगला होतो. आईनं दिलेलं लांब, अर्थगर्भ नाव पार्श्वकथेत ठेवा, टेबलावर दोन-तीन अक्षरांचं टोपणनाव चालू द्या, आणि पहिलं नाव कुणाला माहीत आहे यावर एखादा प्रसंग उभा करा. टोपणनाव गटातल्या इतर पात्रांपेक्षा वेगळ्या अक्षरानं सुरू व्हावं. मिथ्वेन, मीरेन्दिल आणि मोर्वेन एकाच गटात आले तर लढाईच्या गडबडीत कुणाची पाळी आहे हे गेम मास्टरलाच कळत नाही.

घरगुती खेळासाठी क्वेन्यातलं नाव घ्यायला काहीच अडचण नाही. पण साहस छापून विकायचं असेल तर स्वतःची भाषाच बरी. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या अगदी सुरुवातीच्या छपाईत हॉबिट आणि एन्ट हे शब्द होते. हक्कधारकांच्या आक्षेपानंतर त्यांच्या जागी हाफलिंग आणि ट्रीएन्ट आले.